नियामेंतील मातीचीं घरें

आम्ही नियामेस पोंचलों तों ऊन अंगाची काहिली करीत होतें. नायजर देशाच्या या राजधानींतहि सिमेंटचें घर श्रीमंताचें, मातीचें दरिद्र्याचें, अशीच समजूत. तरी २०१६ सालीं वास्तुशिल्पी मरियम कमारा व त्यांचे सहकारी यांनीं सहा कुटुंबांसाठीं न भाजलेल्या मातीच्या विटांचीं घरें एकास एक लागून बांधलीं. झिंदर, कानो, तिंबक्तू येथील जुन्या दाट वस्तीची ही रीत. आंतल्या भिंतीला भर दुपारीं हात लावला, तों ती गार! घरांत परक्याची नजर पोंचत नाहीं. रस्त्याकडील भिंतीला मात्र बसावयास कट्टे काढले आहेत. तेथें जमणाऱ्या बैठकीस फादा म्हणतात, व ती चहावांचून होत नाहीं. आम्हांस आमचा ओटा आठवला. गेल्या वर्षीं वाडा पाडला, तेव्हां नव्या इमारतीच्या नकाशांत त्याला जागा ठेवण्याचें आम्हां भावांपैकीं कोणासहि सुचलें नव्हतें.