नातवंडांसाठी लावलेले झाड

ऑलिव्हचे झाड लावणाऱ्याला घाई करून चालत नाही. फळ धरायलाच काही वर्षे जातात. भरघोस पीक त्याहून उशिरा, आणि तेही बहुधा एक वर्षाआड. तरीही प्राचीन ग्रीसमधला शेतकरी आपल्या खडकाळ, कोरड्या जमिनीत हे झाड लावीत असे. स्वतःसाठी कमी, मुलानातवंडांसाठी अधिक!

पिकलेली फळे काठीने झोडपून पाडायची, दगडाखाली भरडायची आणि लगदा लांब तुळईखाली दाबून रस काढायचा. पाणी खाली बसे, तेल वर तरंगे. जेवणात, दिव्यात, अंगाला चोळायला, सगळीकडे तेच तेल.

म्हणूनच अथेन्समध्ये या झाडासाठी कायदे झाले. इ. स. पू. 594 च्या सुमारास सोलोनने शेतमालापैकी फक्त हे तेल परदेशी विकायची मुभा दिली. मुळे लांबवर पसरतात म्हणून शेजाऱ्याच्या हद्दीपासून नऊ फुटांच्या आत झाड लावायलाही मनाई केली. देवी अथेनाची मानलेली झाडे उपटणे तर गंभीर गुन्हाच होता.

इ. स. पू. 480 मध्ये इराणी सैन्याने अथेन्सचा गड जाळला. त्यात देवीचे ऑलिव्हही जळाले. हिरोडोटस सांगतो, दुसऱ्याच दिवशी बुंध्याला हातभर कोंब फुटला होता. कोंबाची लांबी श्रद्धेने वाढवली असेल. पण जळालेले ऑलिव्ह मुळापासून पुन्हा फुटते, हे खरेच आहे. उजाड घरी परतलेल्या शेतकऱ्याला तेवढा आधार पुरेसा होता.