रोग लागतो तो ठेवताना

सावली, जि. चंद्रपूर
मृगाच्या तोंडावर

चि. भाच्यास,


पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप दिवाळीनंतर कोपऱ्यात ठेवला होता, तो आता बाहेर काढला तर दोरी ओढून खांदा भरून येतो, इंजिन एकदा फुसफुसतं नि गप्प होतं, प्लग काढावा तर तो पेट्रोलनं निथळत असतो. तेव्हा नवा कार्बोरेटर टाकावा का, असं तू विचारलं आहेस. उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. नवा कार्बोरेटर आत्ताच घेऊ नकोस. प्लग ओला येणं ही रोगाची खूण आहे. रोग आज लागलेला नाही, पंप ठेवला त्या दिवशी लागला आणि आज उघडकीस आला. म्हणून इलाजाचे दोन भाग पडतात: एक आज करायचा, दुसरा हंगाम संपताना. पहिला सगळेच करतात. दुसरा टाळला म्हणून पहिला दरसाल करावा लागतो.

प्लग असा पेट्रोलनं भिजतो त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. तो कसा होतो ते आधी पाहू. पेट्रोल थेंबांच्या रूपात पेटत नाही, हवेत मिसळलेली त्याची वाफ पेटते. आणि तीही प्रमाण जमलं तरच, वजनानं एक भाग पेट्रोलला साधारण पंधरा भाग हवा. पेट्रोल हे अनेक घटकांचं मिश्रण असतं. त्यातले हलके घटक थोड्या उष्णतेतही उडतात, आणि थंड इंजिन सुरू करण्याचं काम मुख्यतः तेच करतात. सात महिने पडलेल्या टाकीतून पहिल्यांदा तेच निघून जातात. उरलेलं पेट्रोल ठिणगीला दाद देत नाही, म्हणून आपण चोक लावून पुन्हा पुन्हा दोरी ओढतो. प्रत्येक ओढीला आणखी पेट्रोल आत जातं, प्लग भिजतो, आणि भिजलेल्या प्लगवर ठिणगी नीट उडत नाही. दुसरी गोष्ट घडते कार्बोरेटरच्या वाटीत. टू-स्ट्रोक पंपात पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेलं असतं. वाटीतलं पेट्रोल उडून गेलं की खाली ऑइल आणि जुन्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर उरतो. फ्लोटची निडल त्या थरात अडकते, वाटी भरली तरी वाट बंद होत नाही, आणि पेट्रोल वाहतच राहतं. म्हणजे एकीकडे पेट्रोल पेटत नाही, दुसरीकडे ते थांबत नाही. दोन्हींचं मूळ एकच: ठेवलेलं जुनं मिश्रण.

हा दोष आपल्याच पंपाचा किंवा आपल्याच दुकानातल्या पेट्रोलचा, असं समजू नकोस. कॅनडात क्युबेक प्रांतात 1959 साली बोंबार्दिए यांची स्की-डू ही बर्फावर चालणारी छोटी गाडी बाजारात आली. अशा गाड्यांतही पुष्कळ काळ टू-स्ट्रोक इंजिनच असायचं. त्या उन्हाळाभर झाकून असतात, आणि पहिला बर्फ पडला की मालकांपुढे हाच ओला प्लग उभा राहतो. म्हणून तिकडे गाडी ठेवण्याआधीची तयारी हे एक वेगळंच काम मानलं जातं. आपल्याकडे तर त्याची गरज जास्त आहे. मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या पंपाला तर त्याहून जास्त तापावं लागतं. उष्णतेनं पेट्रोल उडतंही लवकर आणि त्याची राळही लवकर होते. त्यात पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 साली निवडक पेट्रोलपंपांवर आलं आणि 2025 पर्यंत देशभर पोचलं. इथेनॉल पाणी धरून ठेवतं. रोवण्यापासून निसवणीपर्यंत झाकण सैल राहिलं, पावसाचं पाणी टाकीत गेलं, तर ठरावीक मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर धरतात. नळी तळातूनच ओढते, आणि ऑइल तर वरच्या पेट्रोलात राहिलेलं असतं. असं इंजिन सुरू झालं तरी बिनऑइलचं फिरतं आणि पिस्टन जाम होऊ शकतो. इथेनॉल चांगलं की वाईट हा वेगळा प्रश्न. एवढं मात्र खरं, की जुनं पेट्रोल वर्षभर चालतं ही जुनी समजूत आता आणखी धोक्याची झाली आहे.

आज काय करायचं? औषधाची टाकी आधी रिकामी करून धुऊन घे. पेट्रोलचा कॉक बंद कर, स्विच बंद ठेव, प्लग काढ. प्लगची टोपी भोकापासून लांब बांधून ठेव, कारण दोरी ओढताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ जोरानं बाहेर येते आणि जवळ ठिणगी उडाली तर भडका होतो. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून दूर. चोक उघडा, थ्रॉटल पूर्ण. पंप उलटा धरून खाली साचलेलं पेट्रोल निथळू दे, मग आठ-दहा वेळा दोरी ओढ. प्लग पुसून वाळव, काजळी घास, आणि जुनं मिश्रण टाकीतून काढून ताजं भर. मग कॉक उघडून इंजिन न फिरवता दहा मिनिटं थांब. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकलं, तर निडल अडकली आहे आणि वाटी उघडून धुवावीच लागेल. ठिबकलं नाही, तर चोक न लावता सुरू करून पाहा. तरीही प्लग ओला आला तर हवेची वाट तपास: एअर फिल्टर धुळीनं गच्च आहे का, आणि सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं आहे का. या क्रमानं गेलं तर बहुतेक वेळा नवा सुटा भाग लागत नाही. एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, कार्बोरेटरचा बारीक भोकाचा जेट तोंडानं फुंकू नकोस. हा पंप विषाच्या सोबत वावरतो. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. जेटसाठी सायकलचा हवा भरायचा पंप पुरतो.

यावर तुझे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: जुनी माणसं टाकी भरून ठेवायची, म्हणजे आत गंज चढत नाही. लोखंडी टाकीसाठी ते बरोबर आहे. भरलेल्या टाकीत हवेला, म्हणजे दमटपणाला, जागा राहत नाही. पण पाठीवरच्या पंपाची टाकी प्लास्टिकची असते, ती गंजत नाही, आणि वाटीतली राळ टाकी भरलेली असली तरी धरतेच. दुसरा: वाटी कोरडी ठेवली तर रबर सुकून चिरतं. हे अर्धं खरं आहे. पण सुकलेलं वायसर स्वस्तात बदलता येतं, आणि राळेनं बंद झालेल्या जेटमध्ये तार घालून त्याचं भोक मोठं केलं, तर तो कार्बोरेटर पुन्हा प्रमाणात येत नाही. तिसरा: तास-दोन तास दोरी ओढली की शेवटी सुरू होतंच, मग एवढा खटाटोप कशाला? होतं, कारण साचलेलं पेट्रोल तेवढ्या वेळात उडून जातं. पण तो वेळ तुझा नसतो, पिकाचा असतो. तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी बसून रस शोषतात, वरून बांधी हिरवी दिसते, आणि दिसेपर्यंत धान गोल खळ्यांत करपलेलं असतं. त्यात पावसाची उघडीप एखाद्या सकाळचीच मिळाली, तर ती दोरी ओढण्यात घालवायची का? चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: आता बॅटरीचे पंप आले आहेत, पेट्रोलची कटकटच संपवावी. छोट्या बांधीला तो पंप चांगलाच. पण शिसं-आम्लाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत उन्हाळाभर पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर कडक थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण चार्ज होत नाही. यंत्र बदललं तरी ठेवण्याची जबाबदारी बदलत नाही.

म्हणून दुसरा भाग. शेवटची फवारणी झाली की टाकी रिकामी कर, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालव, वाटीच्या खालचा स्क्रू असेल तर उरलेले थेंबही काढ. प्लगच्या भोकात चमचाभर टू-स्ट्रोक ऑइल सोड, दोरी हळू दोनदा ओढ, प्लग लाव, आणि मग दोरी जिथं जड लागते तिथं पिस्टन वर आणून ठेव. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांध, पंप पत्र्याखाली न ठेवता सावलीच्या खोलीत ठेव. अर्ध्या तासाचं काम.

तू म्हणशील, मळणीच्या धांदलीत हे कोण करतो? पण याच धांदलीत तू बियाण्याचं धान वेगळं काढतोस, वाळवतोस, कडुनिंबाचा पाला घालून ठेवतोस. ते तुला जादा काम वाटत नाही, कारण पुढचा हंगाम तिथं सुरू होतो हे तुला माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली पटेल-3 च्या धानात थोड्या वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्या वेगळ्या ठेवल्या, पुढच्या हंगामात पेरल्या, आणि वर्षानुवर्षं निवड करत एचएमटी हे वाण उभं केलं. उभ्या पिकात लोंब्या दिसणं हे नजरेचं काम होतं. त्या पुढच्या पेरणीपर्यंत नीट ठेवणं हे शिस्तीचं, आणि ती शिस्त नसती तर नजरही वाया गेली असती. बियाण्याला जो न्याय लावतोस तोच पंपाला लाव. यंदा प्लग वाळवून पंप चालू होईल. पण तो खरा दुरुस्त झाला की नाही, हे पुढच्या मृगाला पहिल्या दोन-तीन ओढींत कळेल. त्यासाठीचं काम कार्तिकातच उरकलेलं असलं पाहिजे.

घरी सर्वांना आशीर्वाद. प्लगचा पाना पंपासोबतच बांधून ठेव.

तुझा
मामा