किती वेढे?

आम्हा अकरा भावंडांची बाळगुटी एकाच सहाणेवर उगाळली गेली. चुलत, आत्ते, सगळी त्यात आली. गुटीचा पत्र्याचा डबा फडताळात अगदी वरच्या फळीवर असायचा. त्यात मुरुडशेंग, हिरडा, मायफळ, जायफळ, अतिविष, ज्येष्ठमध असायचं, आणि उगाळून उगाळून एका बाजूने तिरपं झालेलं हळकुंड. झाकण उघडलं की सगळ्यांत आधी नाकात शिरायचं ते वेखंड.

आजी उकळून निवलेलं पाणी सहाणेवर शिंपडायची आणि पुटपुटत वेढे मोजायची. मुरुडशेंगेचे पाच, हिरड्याचे तीन, वेखंडाचा एक. एकदा धाकटी काकू गप्पांच्या नादात वेखंडाचा दुसरा वेढा फिरवायला गेली, तर आजीने तिचं मनगटच धरलं. "एक म्हणजे एकच. बाळ आहे, बैल नाही!"

पुढे भावंडांपैकी मी एकटीच वनस्पतिशास्त्राकडे वळले. सुट्टीत घरी गेले की आत्याचा ठरलेला प्रश्न, "आमच्या गुटीचं काय निघालं गं?" मी तिला डीपीपीएचची चाचणी सांगायचे. ब्लॉइस यांनी 1958 मध्ये मांडलेली. गडद जांभळ्या द्रावणात अर्क घालायचा आणि अर्धा तास अंधारात ठेवायचा. अर्कात अँटिऑक्सिडंट असले की जांभळा उतरून पिवळट होतो. किती उतरला ते 517 नॅनोमीटरवर मोजायचं, तुलनेला शेजारी क जीवनसत्त्व. हिरड्याचा अर्क नावाला पडला तरी रंग पळायचा. आत्या खूश! हे नळीतलं झालं, पोटातलं वेगळं, हे तिला काही केल्या पटलं नाही.

सुरक्षिततेच्या चाचणीत रंगबिंग काही नाही. तीन-तीन उंदरांचे गट करायचे, वजनाच्या किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत अर्क एकदाच पाजायचा आणि चौदा दिवस बघत राहायचं. खातात का, वजन घटतंय का, केस उभे राहिलेत का, चाल कशी आहे. पिंजऱ्यापुढे उभी राहिले की मला हटकून आजी आठवायची. गुटी दिल्यावर दुपारी दुपटं उलगडून बाळाची शी निरखणारी.

पण वेखंड चौदा दिवसांत सापडणारं नव्हतं. जम्मूकडच्या वेखंडाचं तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातलं, तेव्हा त्यांच्या लहान आतड्यात गाठी आढळल्या. संशय गेला तो त्यातल्या बीटा-असारोनवर. 1968 मध्ये अमेरिकेने खाण्याच्या पदार्थांत वेखंड वापरायला बंदीच घातली. माझ्या मुलीच्या वेळी मी डब्यातून वेखंड गुपचूप काढून ठेवलं. आजीच्या नाकाला ते झाकण उघडताक्षणी कळलं. मग सगळं सांगणं भागच होतं. आतडं, गाठी, अमेरिका, सगळं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"उंदरांना किती वेढे देत होते?"

मी आकडा सांगायला लागले, तर हातानेच थांबवलं. "ते नको. वेढ्यांत सांग."