पेठ नाक्यावरून इस्तंबूलला

नववीच्या मराठीच्या तासाला मी मुलांना एक काम दिलं होतं. विश्वकोशात असते तशी, आपल्या भागातल्या कुठल्याही एका गोष्टीची शंभर शब्दांत नोंद लिहायची. बहुतेकांनी अपेक्षेप्रमाणे क्रांतिसिंह नाना पाटील, साखर कारखाना, कृष्णा नदी हे विषय घेतले. एका मुलाच्या वहीत मात्र शीर्षक होतं, 'एएच ४७'.

मला वाटलं, कुठल्या तरी बंदुकीचं नाव चुकीचं लिहिलंय. तर त्यानं सांगितलं, "टीचर, अपना पेठ नाक्याका रोड है. मोबाइलच्या नकाशात बघा." बघितलं. खरंच होतं. आशियाई महामार्ग क्रमांक ४७. ग्वाल्हेरहून निघतो, इंदूर, धुळे, नाशिक, ठाणे, पुणे, सातारा, कराड करत आपल्या पेठ नाक्यावरून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि थेट बेंगळुरू. सुमारे दोन हजार किलोमीटर. पहिल्या बाकावरची मुलगी लगेच म्हणाली, "पण टीचर, विश्वकोशात रस्त्याच्या नंबराची नोंद असते का?"

तास संपला, प्रश्न माझ्याबरोबर घरी आला.

पहिल्यांदा मी त्या मुलीच्या बाजूची होते. हा आंतरराष्ट्रीय म्हणवणारा रस्ता एकही सरहद्द ओलांडत नाही. सुरुवात भारतात, शेवटही भारतात. आशियाई महामार्गाची कल्पना संयुक्त राष्ट्रांनी १९५९ मध्ये मांडली, देशादेशांमधला करार २००३ मध्ये बँकॉकला ठरला आणि २००५ मध्ये अमलात आला. या जाळ्यात बत्तीस देश आहेत. पण त्यासाठी आपल्याकडे एक फूटही नवा रस्ता झाला नाही. होता त्याच रस्त्याला आणखी एक नंबर मिळाला. आधी तो राष्ट्रीय महामार्ग ४ होता, २०१० च्या नव्या क्रमांकांत ४८ झाला, आणि वर हा ४७. माझे अब्बा याच रस्त्यावर वीस वर्षं ट्रक चालवायचे. गूळ घेऊन जायचे, परत येताना मिळेल तो माल आणायचे. त्यांच्यासाठी नाक्यावरून दक्षिणेला 'बेंगलोर रोड' आणि उत्तरेला 'पुना रोड', विषय संपला. ज्या नावानं कुणी हाक मारत नाही, त्या नावाची नोंद कशाला?

पण रात्री नकाशा घेऊन बसले आणि जरा अडकलेच. हा ४७ ग्वाल्हेरला ४३ नंबरला मिळतो. ४३ आग्र्याला १ नंबरला मिळतो. आणि १ नंबर म्हणजे टोकियोपासून तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेपर्यंत. दिल्ली, अटारी, लाहोर, पेशावर, काबूल, कंदहार, हेरात, मशहद, तेहरान, अंकारा, इस्तंबूल. अफगाणिस्तान सोडून इराणमध्ये शिरताना जे ठाणं लागतं त्याचं नाव इस्लाम कला. म्हणजे कागदावर इस्लामपूरहून इस्लाम कलाला सलग रस्ता आहे! प्रत्यक्षात अटारीचं फाटक एप्रिल २०२५ पासून बंद आहे. मक्केला मात्र हे जाळं कागदावरही पोचत नाही, कारण त्या बत्तीस देशांत एकही अरब देश नाही. अब्बांना हे कळलं असतं तर हसले असते. हजला जायची त्यांची फार इच्छा होती, पण स्टिअरिंगमागे बसून.

आता वाटतं, नोंद व्हावी. पण नंबराची नाही, रस्त्याची. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं, पहिला खंड १९७६ ला आला. आमच्या नाक्यावरून निघून याच रस्त्यानं साताऱ्याच्या पुढं पाचवडला वळलं की वाई. त्या खंडांतली नोंद काय करते? ती वस्तू काय आहे हे सांगते, आणि ती नसती तर काय झालं असतं याचा अंदाज देते. आमच्या रस्त्याचा तो अंदाज ऑगस्ट २०१९ मध्ये आला. शिरोलीजवळ पंचगंगेचं पाणी रस्त्यावर चढलं आणि कितीतरी दिवस ट्रक उभे. कोल्हापुरात पेट्रोल, दूध, औषधं, सगळ्याची ओरड. १२ ऑगस्टला बकरी ईद होती. नाक्याकडे अडकलेल्या ड्रायव्हरांसाठी मोहल्ल्यातून डेगी गेल्या. तमिळनाडूचा एक ड्रायव्हर जेवून झाल्यावर अम्मीच्या पाया पडला, ती एकदम मागं सरकली, मग त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चौपदरीकरणात ज्यांची पंक्चरची दुकानं, चहाच्या टपऱ्या गेल्या, तीही त्या नोंदीत यायला हवीत. आमच्या ओळखीतली तीन तरी आहेत.

दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात सांगितलं. मुलगा खूश. त्यानं दुसरा खर्डा आणला, शंभरचे दोनशे शब्द झाले होते. ठाण्यानंतर पुण्याऐवजी चुकून परत नाशिक लिहिलं होतं, तेवढं मी लाल पेननं दुरुस्त केलं. एका ठिकाणी मात्र रिकामी जागा ठेवली होती : 'हा मार्ग सांगली जिल्ह्यात ______ या शहराजवळून जातो.'

"हे का सोडलंस?"

"टीचर, कौनसा नाम लिखूं?"

जुलै २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं, इस्लामपूरचं ईश्वरपूर होणार. तेव्हापासून शाळेत या विषयावर कुणी मोठ्यानं बोललेलं नाही, मीसुद्धा नाही. माझ्या बीएडच्या प्रमाणपत्रावर, आधारवर, अब्बांच्या मृत्यूच्या दाखल्यावर एकच नाव आहे. वर्ग गप्प होता. शेजारच्या तुकडीतून पाढ्यांचा आवाज येत होता.

मी त्याला विश्वकोशाची पद्धत सांगितली. एकाच गोष्टीला दोन नावं असतील तर एका नावाखाली मजकूर देतात आणि दुसऱ्या नावापुढं 'पाहा' असं लिहून तिकडं पाठवतात. जुनं नाव पुसत नाहीत, कारण ज्याला फक्त जुनं ठाऊक आहे तोही शोधायला येणार असतो.

"मग मजकूर कशाखाली आणि 'पाहा' कशापुढं?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

मी म्हणाले, त्याची नोंद आहे, त्याला ठरवू दे. त्यानं वही परत घेतली. अजून दिलेली नाही.