नातीचं बदक

भगिनींनो, तुमच्या मोरीत बादलीशेजारी लेकरांचं एखादं प्लॅस्टिकचं बदक नाहीतर मासा पडलेला असेल. हे वाचून झालं की उठा आणि ते खेळणं एका ताटात जोरानं दाबून बघा. का, ते सांगते.

आम्ही सावद्याचे. घरची केळी. महाशिवरात्रीला मी चांगदेवच्या यात्रेला गेले होते. येताना दोन वर्षांच्या नातीसाठी पिवळं बदक घेतलं. पोटाखाली बारीक छिद्र, दाबलं की पाण्याची पिचकारी उडायची. अंघोळीला रडणारी पोर बदक आल्यापासून आपण होऊन मोरीकडे पळू लागली. मला कोण कौतुक! अंघोळ झाली की बदक तसंच बादलीत तरंगत राहायचं.

श्रावणात एक दिवस पोरीचा डोळा लाल झाला, चिकटू लागला. मी सगळा दोष सूनबाईला दिला. "पाणी झाकत नाहीस, पंचा वाळवत नाहीस," असं आल्यागेल्यांसमोर बोलले. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं मला मोरीत बोलावलं. "आई, हे जरा बघा," म्हणत ताटात बदक दाबलं. काळ्या पापुद्र्यांचं पाणी पडलं, कुबट वास आला. मग तिनं विळीवर बदक मधोमध चिरलं. आतून सगळं काळं आणि बुळबुळीत!

डोळा त्यानंच आला, असं डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही म्हणत नाही. पण ती पिचकारी पोरीनं किती वेळा तोंडावर उडवून घेतली, ते मी हसत बघितलं होतं. आणि बदक मीच आणलं होतं.

मुलगा म्हणाला, "हे तर आपल्या ठिबकच्या नळ्यांसारखंच झालं." खरंच की! नळ्यांत शेवाळ आणि चिकटा धरतो, म्हणून आपण अधूनमधून टोकं सोडून पाणी वाहू देतो. बदकाला टोकच नाही. एका छिद्रातून आत गेलेलं पाणी सगळं बाहेर येत नाही, आणि ऊन-वारा आत पोचत नाही.

२०१८ साली स्वित्झर्लंड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी घरांतून वापरलेली अशी १९ खेळणी चिरून तपासली. आत चौरस सेंटिमीटरला ५० लाखांपासून साडेसात कोटींपर्यंत जंतू निघाले, निम्म्याहून जास्त खेळण्यांत बुरशीही. मऊ प्लॅस्टिकमधून जे पाण्यात सुटतं, त्यावरच हे जंतू पोसतात; अंगाचा मळ आणि साबण ही वरची भर. सगळेच जंतू काही रोग करणारे नसतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण डोळ्यात, तोंडात, कानात ती पिचकारी नको.

आता सफाईचं. शेजारणीनं तिच्या घरचा मासा व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात भिजवला, खळखळून हलवला, पाच-सहा वेळा पिळला. स्वच्छ पाणी येऊ लागलं. आठ दिवसांनी पुन्हा काळे कण! म्हणून माझं मत विचाराल तर आतून एकदा काळं झालेलं खेळणं टाकून द्यावं. पाच-पन्नास रुपयांसाठी जीव अडकवू नये. नवं असेल तर रोज अंघोळीनंतर पूर्ण पिळून, छिद्र खाली करून उन्हात ठेवावं. पावसाळ्यात तेवढंही पुरत नाही. एक मात्र ध्यानात ठेवा, ब्लीचिंग पावडर आणि व्हिनेगर किंवा ॲसिड कधी एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. नवं घेताना छिद्र नसलेलंच बघा. काही खेळण्यांत छिद्राशी बारीक शिट्टी बसवलेली असते, ती निघून लेकराच्या घशात जाण्याची भीती वेगळीच.

सूनबाईला मी ज्यांच्यासमोर बोलले होते, त्यांच्यातल्या दोघीजणी पुढं हळदीकुंकवाला आल्या. त्यांच्यासमोरच म्हटलं, "चूक माझी होती." ती चहा आणायला आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

नातीला बदकाची आठवण आली दोन दिवस. आता ती स्टीलची वाटी आणि चहाची जुनी गाळणी घेऊन मोरीत बसते. पाणी गाळते आणि आम्हाला "चहा" देते. अंघोळ झाली की गाळणी अंगणातल्या खिळ्याला टांगायची, हे काम तिनं माझ्याकडे दिलं आहे.