कड्यावरचे नाव आणि आतला क्रमांक

गेल्या श्रावणात साताऱ्यात एका मित्राच्या घरी माझ्यासमोर चामड्याची जुनी पेटी उघडली गेली. आत लायका कॅमेरा होता. त्यावर बसवलेल्या भिंगाच्या पुढच्या कड्यावर कोरले होते : कार्ल झाइस येना, झोनार, १:१,५, ५ सेंमी. शेजारी तांबडा ‘टी’.

मित्राच्या आई म्हणाल्या, “मामंजींनी लढाईवरून येताना इटलीतून आणलं. पंचेचाळीस साली.” किंमत त्यांनी दीड लाख सांगितली. कड्यावर लिहिले होते ते खरे असते, तर ती मला जास्त वाटली नसती.

त्याचे कारण आधी सांगतो. झोनार ही लुडविग बेर्टेले या जर्मन रचनाकाराची निर्मिती. १९३२ मध्ये झाइस इकॉनने कॉन्टॅक्स कॅमेरा बाजारात आणला, तो व्हेट्स्लारच्या लाइट्स कंपनीच्या लायकाला शह देण्यासाठी. आणि या लढतीतले झाइसचे सर्वांत प्रभावी शस्त्र होते झोनार. त्या काळी भिंगांवर परावर्तन रोखणारा लेप नसे. काच आणि हवा जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार-पाच टक्के प्रकाश परावर्तित होई आणि चित्र धुरकट होई. बेर्टेलेने सात काचा तीनच गटांत चिकटवल्या. हवेला भेटणारी पृष्ठे उरली फक्त सहा. एफ १.५ इतके ‘उघडे’ भिंग असूनही चित्र खणखणीत उमटे. पुढे १९३५ मध्ये झाइसमधल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी लेपाची युक्ती शोधली. तो तांबडा ‘टी’ त्या लेपाची खूण.

मात्र झोनार बनली ती कॉन्टॅक्ससाठी. प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे लायकाच्या आट्यांत बसणारी अस्सल झोनार युद्धकाळात थोडीच तयार झाली. म्हणून ती दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणूनच तिच्या नकला उदंड.

पारखायला बसलो तेव्हा काकूंनी चहा ठेवला होता. प्रथम प्रकृती पाहिली. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून बारीक टॉर्चचा झोत टाकला. आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या भिंगात बुरशी हमखास सापडते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. ती लेपच नव्हे, कधी काचही खाते. इथे कडेला एक लहान जाळे होते, फार नाही. झोनारच्या घराण्याला दुसरा एक आजार होतो. काचा एकमेकींना चिकटवायला कॅनडा बाल्सम नावाचा डिंक वापरत. तो सुटू लागला की कडेने इंद्रधनुषी वलये दिसतात. तीही नव्हती. पात्यांवर तेल होते, पण ते पुसता येते. भिंग उत्तम होते. प्रश्न एवढाच, की ते कोणते होते?

मोडी कागद हाताळणाऱ्यांना ही अवस्था परिचित असेल. राजवाड्यांपासून आपल्याकडे शिस्त हीच, की कागदावर नाव कोणाचे आहे यावर थांबायचे नाही. मायना, शिक्का, मोर्तब, वळण, शाई, कागदाचा पोत, सारे एकमेकांशी जुळते का ते पाहायचे. बनावट कागद करणारा नाव कधीच चुकवत नाही. तो चुकतो ते जिथे कोणी पाहणार नाही असे त्याला वाटते तिथे.

कड्यावरचा अनुक्रमांक २७ लाखांच्या घरातला होता, युद्धकाळातल्या झाइसला शोभणारा. म्हणजे कोरणारा अभ्यासू होता. पण टॉर्च आडवी धरली तेव्हा अक्षरांखालचा धातू किंचित खोलगट दिसला; जणू आधीचे काही घासून काढले होते. मग भिंग सोबत नेलेल्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर चढवले आणि मीटरभर अंतरावर तिरप्या ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या एका ओळीवर नेम धरला. अॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून टिपले. स्पष्ट आली ती पलीकडची ओळ. ही खूण नवख्यांना सहसा ठाऊक नसते. लायकाची मापे ५१.६ मिलिमीटरच्या केंद्रांतरावर बेतलेली, तर कॉन्टॅक्सची सुमारे ५२.४ वर. कॉन्टॅक्सचे गणित उचलून लायकाच्या आट्यांत घातलेले भिंग जवळच्या अंतरावर नेम चुकवते. आणि असे भिंग हजारोंनी बनवले ते सोव्हिएत संघाने.

काकूंची परवानगी घेऊन काचांचा गाभा नळीतून फिरवून बाहेर काढला. तो सहज निघतो. आतल्या कड्यावर सुईने ओरखडलेला सात आकडी क्रमांक होता. पहिले दोन आकडे ५४.

सोव्हिएत भिंगांच्या क्रमांकात पहिले दोन आकडे बहुधा वर्ष सांगतात. हे ज्युपिटर-३ होते, १९५४ चे. मूळ कड्यावर ‘टी’च्या जागी तांबडा रशियन ‘प’ असणार. तिकडची लेपाची खूण तीच.

पण ‘नक्कल’ हा शब्द इथे मला अपुरा वाटतो. एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकी सैन्य येनामध्ये शिरले. जुलैत ते शहर सोव्हिएतांच्या हाती देण्यापूर्वी अमेरिकनांनी झाइसचे अनेक तज्ज्ञ पश्चिमेकडे हलवले. त्यांच्यातूनच ओबरकोखेनची नवी झाइस उभी राहिली. मागे उरलेली यंत्रसामग्री सोव्हिएतांनी युद्धभरपाई म्हणून नेली. कॉन्टॅक्सची निर्मिती कीवला गेली आणि तिथे ‘कीव’ नावाचा कॅमेरा जन्मला. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमध्ये झोनार घडू लागली. आरंभीच्या भिंगांत काचही जर्मनीहून आणलेली होती. १९५० च्या सुमारास नाव पडले ज्युपिटर. १९५४ च्या आसपास रशियन काचेसाठी गणित नव्याने मांडले गेले. म्हणजे माझ्या हातातली वस्तू बेर्टेलेच्या रचनेची खरी वंशज होती. खोटे होते ते फक्त कड्यावरचे नाव, आणि ते नंतर कोणीतरी पैशासाठी कोरलेले.

हे काकूंना सांगणे मला जड गेले. पैशापुरती गोष्ट असती तर दोन वाक्यांत संपली असती.

त्या काही क्षण गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे मामंजी खोटं बोलले?”

मी लगेच ‘नाही’ म्हटले नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी १९४३ ते ४५ इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस तिथलेच. कॅमेऱ्याचा क्रमांक पाहिला तर तो १९३० च्या दशकातला होता आणि घडणही अस्सल लायकाची होती. (हेही तपासावे लागते, कारण सोव्हिएत फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवर लायकाचे नाव कोरून विकणारेही पुष्कळ.) तेव्हा कॅमेरा इटलीतून आला, ही हकीकत टिकते. भिंग मात्र तेव्हा जन्मलेच नव्हते. मूळ भिंग कधी बिघडले आणि हे दुसरे विकत घेतले, की दुरुस्तीला दिले असता कोणी बदलले, की मामंजींनाच कोणी फसवले? पेटीतली वस्तू याचे उत्तर देत नाही आणि मी ते रचू नये. घरातली आठवण वर्षानुवर्षे कॅमेरा आणि भिंग एकच समजत आली, एवढे नक्की.

मी ज्युपिटरची रास्त किंमत सांगितली. ती दीड लाखाच्या दशांशाच्या आसपास होती. काकू हसल्या आणि म्हणाल्या, “त्यापेक्षा राहू दे घरातच.”

गाभा पुन्हा नळीत बसवताना खालच्या पातळ चकत्या होत्या त्याच क्रमाने ठेवल्या. त्यांतली एक हरवली तरी नेम आणखी बिघडतो. निघताना काकूंनी वहीचा एक कागद फाडून पुढे केला. “आत काय सापडलं ते यावर लिही. आमच्यानंतरच्यांना कळायला हवं.” मी आतला क्रमांक, कड्यावरचा क्रमांक, दोहोंचा अर्थ आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. त्यांनी चष्मा लावून सगळे वाचले, ‘मामंजींनी आणले’ या शब्दांपुढे ‘कॅमेरा’ लिहायला लावले, आणि कागद घडी करून पेटीच्या अस्तरात सरकवला.