रॅकची निवड उलट्या टोकाकडून

गिटारसाठी रॅक घ्यायचा ठरला की चर्चा सुरू होते ती प्रोसेसरवरून. अॅक्स-एफएक्स घ्यावा की केम्पर, नवा परवडत नसेल तर टीसी इलेक्ट्रॉनिकचा जुना जी-मेजर चालेल का, लेक्सिकनच्या पीसीएम ७०चा रिव्हर्ब अजून कशात मिळतो, असे प्रश्न आधी येतात. पैशाचा मोठा वाटा तिथेच संपतो. उरलेल्या रकमेत जो बसेल तो पॉवर अॅम्प घेतला जातो आणि स्पीकर कुणाकडून तरी मागून आणला जातो. माझ्या मते हा क्रम मुळातच उलटा आहे. निवड स्पीकरपासून आणि तो जिथे वाजणार त्या जागेपासून सुरू व्हावी, मग पॉवर अॅम्प ठरावा आणि प्रोसेसर सगळ्यात शेवटी. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हे पटायला जड जाऊ नये. इथल्या हौशी वादकांत दिवसा टूलरूममध्ये किंवा मेंटेनन्सला असणारे पुष्कळ. कन्व्हेयर बसवताना त्यांच्यातला कुणीही आधी मोटर विकत घेत नाही. पट्ट्यावरचा भार किती हे आधी काढतात, त्यावरून गिअरबॉक्स ठरतो आणि मोटर सगळ्यात शेवटी. तोच माणूस संध्याकाळी गिटारच्या दुकानात शिरला की हे सगळे विसरतो, याचे मला कायम आश्चर्य वाटते.

आधी जागा पाहू. या परिसरात गिटार कुठे वाजते? चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह. त्याखेरीज गणेश मंडळांचे मांडव, सोसायट्यांचे हॉल, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम. यातले बरेचसे काम वाद्यवृंदाचे, आणि वाद्यवृंदात खऱ्या ड्रम्सची जागा ऑक्टोपॅडने घेऊन जमाना झाला. खरा ड्रमर जोरात वाजवतो तेव्हा त्याच्याशी बरोबरी करायला गिटारचा आवाज स्टेजवर १०० डेसिबलच्या पुढे न्यावा लागतो. ऑक्टोपॅडला मात्र स्वतःचा आवाज जवळजवळ नसतोच, तो मॉनिटरमधून येतो. सेलेशनच्या व्हिंटेज ३० या बारा इंची स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण १०० डेसिबल मिळतात, जुन्या धाटणीच्या ग्रीनबॅकला ९८. वॉट दहापट केले की १० डेसिबल वाढतात. म्हणजे ऑक्टोपॅडच्या स्टेजवर एका स्पीकरला पाच-सहा वॉट खरोखर गेले तरी शेजारचा कीबोर्डवाला तक्रार करेल. रॉक बँड खऱ्या ड्रम्ससह उभा असेल तर हिशोब बदलतो, पण तोही काही शे वॉटपर्यंत क्वचितच जातो. सरावाच्या जागेचा प्रश्न आणखी वेगळा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ डेसिबलची मर्यादा आहे, निवासी क्षेत्रात ५५ची. इथे कारखान्याची शेड आणि सोसायटीची भिंत कित्येक ठिकाणी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे कुठल्या बाजूला सराव करणार यावरच कॅबिनेटचा आकार ठरायला हवा.

आता पॉवर अॅम्प. दुकानात तो वॉटवर विकला जातो, पण गिटारसाठी वॉटपेक्षा महत्त्वाची गोष्ट कागदावर लहान अक्षरांत असते: त्याचा आउटपुट इम्पीडन्स. आठ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर सगळ्या स्वरांना आठ ओहमचा नसतो. ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे त्याचा कोन स्वतःच्या लयीत हलतो, तिथे इम्पीडन्स कित्येक पटींनी वर जातो. मग तो खाली येतो आणि उंच स्वरांकडे कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढतो. सॉलिड स्टेट अॅम्पला या चढउतारांशी देणेघेणे नसते. त्याचा स्वतःचा इम्पीडन्स स्पीकरच्या शंभराव्या हिश्शाइतका किंवा त्याहूनही कमी असतो, त्यामुळे तो सगळ्या स्वरांना सारखे व्होल्टेज देतो आणि कोनला घट्ट धरून ठेवतो. व्हॉल्व्ह अॅम्पचे तसे नाही. त्याचा आउटपुट इम्पीडन्स स्पीकरच्या तुलनेत लक्षणीय असतो, निगेटिव्ह फीडबॅक नसलेल्या रचनेत तर स्पीकरपेक्षाही जास्त. साहजिकच स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो तिथे व्होल्टेजही चढते: खालचा आवाज फुगतो, वरचा उघडतो. वादक ज्याला व्हॉल्व्हची ऊब म्हणतात तिचा बराच भाग या साध्या गणितात आहे. उरलेला भाग अॅम्प ताणला गेल्यावर तो कसा मोडतो यात. सॉलिड स्टेट सपाट कापतो, तर व्हॉल्व्ह हळूहळू वाकतो. म्हणून ५० वॉटचा व्हॉल्व्ह चॅनेल त्याच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो, आणि आकड्यांची तुलना करून दोघांतला एक निवडणारा फसतो.

लोड जोडण्याची रीतही दोघांची वेगळी. व्हॉल्व्ह अॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला ४, ८, १६ ओहमचे वेगवेगळे टॅप असतात. योग्य टॅप लावला तर वॉट तेवढेच मिळतात, मात्र स्पीकर न जोडता वाजवला तर ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड स्टेट अॅम्प स्पीकरविना निवांत राहतो, पण शॉर्ट सहन करत नाही, आणि १६ ओहमच्या कॅबिनेटवर ८ ओहमच्या निम्मेच वॉट देतो. ब्रिज मोडमध्ये प्रत्येक चॅनेलला लोड निम्मा दिसतो, त्यामुळे ४ ओहमपर्यंत चालणारा अॅम्प ब्रिज केल्यावर ८ ओहमच्या खाली नेऊ नये. भाड्याने मिळणाऱ्या देशी अॅम्पबाबत तर जास्तच जपावे. मांडवातल्या भोंग्यांसाठी त्यांच्यावर १०० व्होल्ट लाइनचे टर्मिनल असते आणि ८ ओहमचे टर्मिनल त्याच्या शेजारीच. गिटारचे ८ ओहमचे कॅबिनेट चुकून १०० व्होल्टवर लावले तर गणिताने १२५० वॉट मागितले जातात. इतके वॉट त्या अॅम्पमध्ये नसतातच, तरी आधी कोण जळणार हे पाहत बसण्यात अर्थ नाही.

एवढे ठरले की प्रोसेसरचे काम आपोआप आखले जाते, आणि माझ्या म्हणण्याचा खरा पुरावा इथे आहे. अॅक्स-एफएक्ससारखा मॉडेलिंग प्रोसेसर गिटारपासून माइकपर्यंतच्या सगळ्या साखळीची नक्कल करतो: प्रीअॅम्प, पॉवर अॅम्प, स्पीकरच्या इम्पीडन्सची वक्ररेषा, कॅबिनेट आणि त्यासमोरचा माइक. यातली कोणती नक्कल चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची हे त्याच्या पुढे काय जोडले आहे यावर अवलंबून आहे. पुढे फुल रेंज स्पीकर किंवा हॉलची पीए असेल तर सगळे चालू. सॉलिड स्टेट अॅम्प आणि खरे गिटार कॅबिनेट असेल तर कॅबिनेटची नक्कल बंद, कारण गिटारचा स्पीकर ५००० हर्ट्झच्या वर स्वतःच झपाट्याने उतरतो आणि दोनदा उतरवलेला आवाज रजईखालून आल्यासारखा येतो. पॉवर अॅम्पची नक्कल मात्र चालू हवी, आणि तिच्यातली इम्पीडन्सची वक्ररेषा समोरच्या कॅबिनेटशी जुळती. पुढे व्हॉल्व्ह पॉवर अॅम्प असेल तर पॉवर अॅम्पची नक्कलही बंद किंवा बरीच खाली, नाहीतर एकामागे एक दोन पॉवर अॅम्प वाजतात आणि खालचा आवाज दुप्पट फुगतो. म्हणजे मेसा बूगीचा जड व्हॉल्व्ह अॅम्प ज्याने आधीच घेतला, त्याने महागड्या मॉडेलरच्या निम्म्या गुणांचे पैसे वाया घालवले. त्याला चांगला प्रीअॅम्प आणि साधा इफेक्ट प्रोसेसर पुरला असता. उलट हलका क्लास-डी, म्हणजे सॉलिड स्टेटच, अॅम्प घेणाऱ्याने जुना जी-मेजर नुसता जोडला तर पॉवर अॅम्पचा रंग कुठूनच येणार नाही. जी-मेजर, रॉकट्रॉनचा इंटेलिफेक्स, पीसीएम ७० ही यंत्रे फक्त इफेक्ट देतात. त्यांच्या आधी १९८७च्या एडीए एमपी-१सारखा प्रीअॅम्प लागतो. केम्परने ६०० वॉटचा क्लास-डी अॅम्प आतच घातलेले मॉडेल काढले, तेव्हा जोडीचा प्रश्न कंपनीने स्वतःच सोडवला, असे म्हणायला हरकत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो हेडरूमचा: मोठा अॅम्प घ्या, कमी आवाजावर वाजवा, तो कधी ताणला जाणार नाही. स्वच्छ आवाजात वाजवणाऱ्यासाठी हे बरोबर आहे. जोरात छेडलेल्या तारेचे शिखर सरासरीपेक्षा खूप उंच असते, त्याला जागा लागते. डिस्टॉर्शनचा आवाज मात्र आधीच दाबला गेलेला असतो, शिखर आणि सरासरी जवळ आलेले असतात. तिथे ५०० वॉटचा अॅम्प ६० वॉटच्या स्पीकरला सलग जास्त वॉट देऊन त्याची कॉइल जाळू शकतो. अॅम्पवरचा नॉब अर्ध्यावर आहे म्हणून वॉटही अर्धे, हा समज सोडायला हवा. तो नॉब आत येणारा सिग्नल फक्त कमी करतो. एका व्हिंटेज ३०साठी ८ ओहमला शंभर-दीडशे वॉटचा सॉलिड स्टेट चॅनेल पुष्कळ झाला. त्याऐवजी लक्ष लेव्हलकडे द्यावे. प्रोसेसरच्या मागे +४ आणि -१० असे बटण असते, पहिले १.२३ व्होल्टचे, दुसरे ०.३२ व्होल्टचे, म्हणजे जवळपास चौपट फरक. चुकीच्या बाजूला राहिले तर एकीकडे खरखर वाढते, दुसरीकडे इनपुट फुटतो, आणि दोष अॅम्पच्या माथी मारला जातो. स्टीरिओचाही मोह आवरावा. प्रेक्षागृहात डावीकडच्या रांगेत बसलेल्याला उजवीकडचा डिले जवळजवळ ऐकूच येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता कोण कॅबिनेट नेतो? प्रोसेसरमधून सरळ मिक्सरला लाइन द्यायची, कानात मॉनिटर घालायचे, काम झाले. वाद्यवृंदाच्या गिटारवादकाला माझाही हाच सल्ला आहे: पॉवर अॅम्प घेऊच नये. पण याने मूळ मुद्दा मोडत नाही, पक्का होतो. त्या वादकाच्या साखळीचे शेवटचे टोक हॉलची पीए आहे. तिथून मागे येत विचार केला तर कॅबिनेटची चांगली नक्कल आणि बॅलन्स्ड आउटपुट या दोन गोष्टी त्याच्यासाठी बाकी शंभर इफेक्टांपेक्षा मोलाच्या ठरतात. गिटारला फीडबॅक हवा असेल, तार स्पीकरच्या हवेने पुन्हा थरथरायला हवी असेल, तरच स्टेजवर खरा कोन हलायला लागतो. असे वादक थोडे आहेत. पॉवर अॅम्पची निवड हा प्रश्न खरे तर तेवढ्यांचाच आहे.

त्या थोड्यांनी या पट्ट्यातली वीज विसरू नये. मोठ्या मोटरी सुरू होताना व्होल्टेज खाली येते, आणि गुरुवारी, कारखान्यांच्या साप्ताहिक सुट्टीला, भार उतरला की वर जाऊ शकते. मांडवात तर सगळा मामला जनरेटरवर असतो. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या साध्या अॅम्पचे अंतर्गत व्होल्टेज पुरवठ्याबरोबर हलते. चांगल्या स्विचिंग सप्लायचा अॅम्प त्याची फारशी पर्वा करत नाही. क्लास-डीला सहसा असाच सप्लाय असतो, म्हणून हा त्याच्या बाजूचा मुद्दा, आणि वजनाचाही: लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा रॅक टेम्पोशिवाय हलत नाही. व्हॉल्व्ह अॅम्पच्या वर रॅकमधली एक जागा, म्हणजे ४४ मिलिमीटर, मोकळी ठेवायला लागते. एप्रिल-मेमध्ये तेवढीही कमी पडते. चाकणच्या धुळीत पंख्याची जाळी नियमित साफ करायला हवी. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला जुना रॅक १२० व्होल्टचा आहे का हे प्लग लावण्याआधी पाहायला हवे. दुरुस्तीचा विचार केला की पारडे पुन्हा हलते. क्लास-डीचे मॉड्यूल गेले तर ते बदलण्यापलीकडे सहसा काही करता येत नाही, आणि बदली मॉड्यूल परदेशातून येईपर्यंत गणेशोत्सव उलटून जातो. भोसरी-पिंपरीत मोटर आणि ट्रान्सफॉर्मर रिवाइंड करणारी दुकाने मात्र आहेत. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे थर एकाआड एक गुंडाळायचे असतात, ते काम प्रत्येकाला जमत नाही. पण साधा पॉवर ट्रान्सफॉर्मर जळला तर मूळ वळसे मोजून तो पुन्हा भरून देणारा कारागीर इथे सापडतो. जुना, जड, सॉलिड स्टेट अॅम्प अजूनही विचारात घ्यावा असे मला वाटते ते त्याच्यामुळे.